हात धुतले का?

माझ्या भावाला कुणी फसवू शकत नाही, असं तो आयुष्यभर सांगत आला. त्यात खोटं काही नाही. त्याचं जे वाटोळं झालं, त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही.

आमचं कोट शिवायचं दुकान. पुढे काचेचं दार आणि माणूसभर उंचीचा आरसा, मागे एक लांबट खोली. खोलीत एका अंगाला कटिंगचं टेबल, दुसऱ्या अंगाला शिलाईच्या मशीन, कोपऱ्यात इस्त्रीचा ओटा आणि खिडकीपाशी माझी खुर्ची. मी काजं करते, हातानं. मशीननं केलेल्या काजाला मी काज म्हणत नाही, भोक म्हणते. नवरा गेल्यावर दादा म्हणाला, 'ये', आणि मी आले, ती त्या खुर्चीतच बसले. दुकानात सगळे मला आत्या म्हणतात, कारण माझा भाचा म्हणायचा. दादाला सगळे मास्तर म्हणतात.

दादाचं नाव वाकड्या अंगासाठी. सरळ माणसाचा कोट काय, कुणीही शिवतं. पण एक खांदा पडलेला, पाठीला पोक, एक हात बोटभर आखूड, अशी माणसं लांबून लांबून दादाकडे यायची. कोट चढवून आरशासमोर उभी राहिली की आधी दोन्ही खांदे चाचपायची. मग हळूच बाजूला वळून स्वतःकडे बघायची. दादा तेव्हा मुद्दाम दुसरीकडे तोंड करून खडू शोधायचा. त्याला कौतुक आवडतं, पण ऐकायचं पाठमोरं.

मग त्याचे हात थरथरायला लागले. आधी खडूची रेघ हलायला लागली, तेव्हा त्यानं खडूला शिव्या घातल्या. मग कैची हलायला लागली, तेव्हा कैचीला. डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, ते त्यानं दवाखान्याच्या दारातच टाकून दिलं आणि घरी येऊन वहिनीला म्हणाला, थकवा आहे. वहिनी मूग गिळून बसली. कटिंग मास्तरचे हात गेले म्हणजे काय गेलं, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगायला नको होतं. परक्या माणसापुढे तो हात कोटाच्या खिशात घालून उभा राहायला लागला. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय रुबाब आहे मास्तरांचा.

दादाचा मुलगा एकुलता एक. त्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. आम्ही त्याला बॉबिन म्हणायचो, कारण लहानपणी मुठीत मशीनची बॉबिन, दोरा गुंडाळायची ती छोटी चकती, धरल्याशिवाय त्याला झोप यायची नाही. सुईशी त्याचं कधी जमलं नाही, पण कॉम्प्युटरचं शिकला आणि बापाच्या मागे लागला. म्हणाला, "बाबा, तुमच्या हातात जे आहे ते मला सांगा. मी ते आत भरतो."

त्यावरून बापलेकांचं जे भांडण सुरू झालं ते वर्षानुवर्षं पुरलं. दादा म्हणायचा, पडलेल्या खांद्याला इथे जरा ढील दे. बॉबिन विचारायचा, जरा म्हणजे किती? दादा म्हणायचा, जरा म्हणजे जरा! तुझी आई स्वयंपाकात मीठ टाकते तेव्हा मोजते का? मग बॉबिन बापाला पुन्हा पुन्हा रेघ मारायला लावायचा, आणि त्या हललेल्या रेघांमधून दादाला कुठली हवी होती ते शोधून काढायचा. मी खिडकीपाशी बसून बघायचे. भांडत होते, पण त्या दोघांना एकमेकांशी एवढं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी प्रोग्रॅम झाला. गिऱ्हाइकाची मापं भरायची, दोन्ही खांद्यांची वेगवेगळी, पोक असेल तर पोकाचं, की मशीनमधून मोठ्या कागदावर कोटाचा खाका निघायचा. तो कापडावर ठेवून कुणीही कापावं, कोट दादाच्या हातचा व्हायचा. कापडावर ठेवून कापायचे जुने कागदी फर्मे भिंतीला टांगलेले होते, ते दादानंच उतरवले आणि चुरगाळून तयार कोटांच्या बाह्यांत भरले, बाह्या चेपू नयेत म्हणून. एवढा त्याचा विश्वास बसला होता.

रोज सकाळी प्रोग्रॅमला हात लावला की आधी एक ओळ यायची, 'बाबा, हात धुतले का?' खाली 'हो' आणि 'नाही'. कारण दादा खडूनं माखलेले हात तसेच कीबोर्डवर ठेवायचा आणि बटणं पांढरीफटक व्हायची. 'नाही' दाबलं तर उत्तर यायचं, 'मग जा.' मला वाटायचं, हा एखाद दिवशी सरळ 'हो' दाबून मोकळा होईल. छे! उठायचा, मागच्या नळावर जायचा, एकेक बोट चोळून धुवायचा, पुसायचा, आणि मगच येऊन 'हो' दाबायचा. यंत्राशीसुद्धा खोटं बोलणं त्याला जमत नाही.

आणि त्या कीबोर्डचं तर त्याला केवढं कौतुक! म्हणायचा, "याला माझा हात कळतो. फोनवर एक दाबावं तर चार उमटतात. हा शहाणा बरोबर एकच घेतो." बटणांवरची अक्षरं पुसट झाली तरी त्यानं तो बदलू दिला नाही.

कॉम्प्युटर खोलीच्या मधोमध, एका जुन्या मशीनच्या स्टँडवर होता. सगळ्यांचा मिळून एक. डावऱ्या त्यावर खाके काढायचा, इस्त्रीवाला जेवणाच्या सुट्टीत गाणी ऐकायचा, वहिनी लांब राहणाऱ्या बहिणीचं तोंड व्हिडिओवर बघायची. डावऱ्या म्हणजे आमचा दुसरा कटर, बॉबिनच्या शाळेतला मित्र. डाव्या हातानं कापतो म्हणून डावऱ्या. त्याची कैची वेगळी, दुसऱ्या कुणाच्या हातात ती चालत नाही. मी एकदा बॉबिनला म्हटलं, "अरे, एवढा जीव ओतून केलंस आणि असं उघड्यावर ठेवलंस? कुणी कॉपी करून नेलं तर?"

"नेऊ देत की आत्या," तो म्हणाला. "जेवढ्या ठिकाणी असेल तेवढं जगेल."

तो मात्र जगला नाही. भर दुपारी अस्तराचं कापड आणायला म्हणून गेला, चौकात रस्ता ओलांडत होता आणि ट्रकनं गाठला. अस्तर त्याच्या हातात तसंच होतं, गुंडाळलेलं. याहून जास्त मला त्याबद्दल सांगता येत नाही.

त्यानंतर दादा सगळ्यांच्या आधी दुकानात यायला लागला. दिवा लावायचा, हात धुवायचा आणि कॉम्प्युटरपुढे बसायचा. ती एक ओळ यायची. तो ती वाचत बसायचा. 'हो' दाबायला त्याला फार वेळ लागायचा, आणि त्या वेळात खोलीत कुणी मशीन चालवायचं नाही, असं न ठरवताच ठरून गेलं होतं. माझ्या भावाकडे त्याच्या पोराचं तेवढंच उरलं होतं, आणि त्याच्या स्वतःच्या हातांचंही तेवढंच.

वकीलसाहेब म्हणून आमचं जुनं गिऱ्हाईक, डावा खांदा चांगलाच पडलेला. एकदा दादानं त्यांना रस्त्यावर नव्या कोटात पाहिलं. कोट आमचा नव्हता. समोरच्या दुकानाचा होता, आणि पाठीवर असा चपखल बसला होता की बघत राहावं. समोरचा म्हणजे दादाबरोबर एकाच गुरूकडे शिकलेला माणूस. दोघांचं इतकं बिनसलेलं की समोरासमोर दुकानं असून एकमेकांच्या काचेकडे बघायचे नाहीत.

दादा आत आला तो लालबुंद. "ती पाठ माझी आहे," तो म्हणाला. "त्याच्या बापजन्मात त्याला असा खांदा कापता आला नाही. कुणीतरी बॉबिनचा प्रोग्रॅम तिकडे पोचवलाय."

"कशावरून?" मी म्हटलं.

"मला माझी पाठ ओळखू येत नाही?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. दादाच्या डोक्यात एक गोष्ट शिरली की ती काढायला दुसरं डोकंच आणावं लागतं.

त्यानं कॉम्प्युटरच्या दुकानातून एक माणूस बोलावला. मी त्याचं नाव कुलूपवाला ठेवलं. सभ्य होता, बूट बाहेर काढून आला. दादा त्याच्यासमोर खिशात हात घालून उभा. कुलूपवाल्यानं आधी पेन ड्राइव्ह घालायच्या खाचा बंद केल्या, मग बाहेर कुठे काही पाठवता येणार नाही असं केलं. मग म्हणाला, "काका, आता कॉम्प्युटर चालू केला की पासवर्ड मागेल. तो बरोबर आला तरच पुढचं उघडेल."

"आणि चोर अंदाजानं टाकत बसला तर?"

"तीनदा चुकला की बंद पडेल. मग मला बोलवा."

"बंद नको," दादा म्हणाला. "पुसून गेलं पाहिजे. परत कुणाला काढता येणार नाही असं."

कुलूपवाल्यानं बोटं थांबवली. "काका, तसं करता येतं. पण तुमचंच चुकलं तर कायमचं जाईल. निदान एक कॉपी माझ्याकडे ठेवू का? किंवा घरी?"

"कॉपी होऊ नये म्हणून तुला बोलावलं, आणि तू कॉपी मागतोस?"

"पण तुमच्याकडून चुकलं तर?"

"माझ्या मुलाच्या नावात मी चुकेन?" दादा म्हणाला.

पासवर्ड 'बॉबिन' हाच होता. आम्हाला तो कळू नये म्हणून त्यानं कुलूपवाल्याच्या कानात सांगितला. मी आपली कानगोष्टीचा मान ठेवून काजाकडे बघत राहिले. अहो, त्याच्या मनात दुसरं होतंच काय, की आम्हाला ओळखता येऊ नये? कुलूपवाल्यानं भराभर टाइप केलं, उघडून दाखवलं, बूट घातले आणि गेला. कॉम्प्युटर जुना, सुरू व्हायला फार रडवायचा, म्हणून आम्ही तो कधी बंद करायचो नाही. संध्याकाळी फक्त स्क्रीनचं बटण. त्यामुळे दादाला तो पासवर्ड स्वतःच्या हातानं कधी टाकावा लागला नाही. सकाळी ती ओळ यायची आणि तो 'हो' दाबायचा, तसंच चालू राहिलं.

पण कुलूप लावून माणसाला झोप लागते असं थोडंच आहे? दादाचं आणखीच बिघडलं. कुणी कॉम्प्युटरवर बसलं की हा पाठीशी उभा. इस्त्रीवाल्याची गाणी बंद झाली. वहिनी बहिणीशी दुकानाच्या पायरीवर बसून फोनवर बोलायला लागली. आणि मग फर्मान निघालं की घरी जाताना प्रत्येकानं खिसे रिकामे करून दाखवायचे.

"माझेही?" मी विचारलं.

"सगळ्यांचे."

मी पिशवी टेबलावर उपडी केली. चष्मा, रुमाल, बडीशेपेची डबी. "घे," म्हटलं, "डबी उघडून बघ, आत कोट आहे." कुणी हसलं नाही. मला रडायला आलं असतं, म्हणून मी हसले.

माझ्यामागे डावऱ्या होता. त्यानं टेप काढली, खडू काढला, सुई टोचू नये म्हणून घालतात ती अंगठी काढली, आणि त्या सगळ्याच्या शेजारी एक पेन ड्राइव्ह ठेवली. लपवून नाही, झटकून नाही. ओळीत ठेवली, जशी बाकीची हत्यारं ठेवली तशी.

दादा पुढे सरकला. "काय आहे त्यात?"

"बॉबिनचा प्रोग्रॅम," डावऱ्या म्हणाला. "त्यानंच दिला होता मास्तर, गेला त्याच्या बरंच आधी. म्हणाला, एक बाहेर असू दे, बाबांना सांगू नकोस, उगाच चिडतील."

"मेलेल्या पोराचं नाव पुढे करतोस?"

"खरं तेच सांगतोय. मी समोर पाऊलही टाकलेलं नाही."

"मग समोरच्यानं माझी पाठ कुठून आणली?"

"मला माहीत नाही."

दादानं ती पेन ड्राइव्ह उचलली. हात थरथरत होता आणि त्या वेळी त्यानं तो लपवलाही नाही. इस्त्रीच्या ओट्यापाशी गेला. इस्त्री अजून तापलेली होती. त्यानं ती पेन ड्राइव्ह ओट्यावर ठेवली, वर इस्त्री ठेवली आणि दोन्ही हातांनी सगळं वजन देऊन दाबली. जळक्या प्लॅस्टिकचा वास खोलीभर पसरला. मी ओरडले, "दादा, अरे काय करतोस!" वहिनीनं तोंडावर पदर धरला. धूर निघायचा थांबल्यावर डावऱ्यानं टेप गुंडाळली, टेबलाखालून त्याची ती उलटी कैची काढली, बगलेत धरली आणि गेला. पुन्हा आला नाही.

इस्त्रीच्या तळाला काळं प्लॅस्टिक चिकटून बसलं. इस्त्रीवाला दुसऱ्या दिवसभर ते खरवडत होता. उजळ कापडाला लागलं तर कोट वाया, म्हणून त्यानं माळ्यावरची जुनी इस्त्री काढली आणि उजळ कापडासाठी ती, गडद कापडासाठी ही, अशा दोन्ही लावून ठेवायला लागला. आमच्या खोलीतल्या तारा फार जुन्या. दोन इस्त्र्या एकदम तापल्या की फ्यूज उडतो, हे डावऱ्याला पाठ होतं. घाईच्या दिवसांत ती जुनी इस्त्री खाली निघाली की इस्त्रीवाल्यानं दुसरं बटण दाबायच्या आधी तो लांबूनच ओरडायचा. आता ओरडणारं कुणी नव्हतं.

फ्यूज उडाला. मशीन थांबल्या, दिवे गेले, आणि कॉम्प्युटर मावळला.

इस्त्रीवाल्यानं फ्यूज बसवला. कॉम्प्युटर रडतखडत उठला. आणि पडद्यावर एक कोरी चौकट आली. हात धुतले का, असं तिनं विचारलं नाही. तिनं काहीच विचारलं नाही, नुसती वाट बघत बसली.

"त्या कुलूपवाल्याला बोलाव," मी म्हटलं.

"कशाला? माझ्या घराचं कुलूप मला उघडता येत नाही?" दादा खुर्चीत बसला. मग त्यानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं. "सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा."

"काय?"

"भिंतीकडे! कुणी बघायचं नाही."

आणि आम्ही वळलो. त्याची बायको, त्याची बहीण, त्याचा इस्त्रीवाला, वर्गात शिक्षा झालेल्या पोरांसारखे ओळीनं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. माझ्या नाकासमोर जुन्या फर्म्यांचे खिळे होते, रिकामे. मागून बटणांचा आवाज येत होता. टक. टकटक. टक. टकटकटक. मग थांबला. मग दादानं श्वास सोडल्याचा आवाज आला.

"चुकलं?" वहिनीनं भिंतीला विचारलं.

"बोलू नका."

पुन्हा टक. खूप वेळानं टकटक. मग पुन्हा तसाच श्वास. मला ऐकूनच कळत होतं की त्याचं बोट एका ठिकाणी टेकतच नाही. अक्षरांच्या जागी नुसती टिंबं येतात, त्यामुळे किती जास्त पडली हेही कळायला मार्ग नाही. मी म्हटलं, "दादा, मला सांग, मी दाबते. तुझ्या पाया पडते."

"तू भिंतीकडे बघ!"

"अरे, बॉबिनच आहे ना तो पासवर्ड? आम्हाला सगळ्यांना माहीत आहे! सरक तू!"

मी वळले. तो डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरून तिसऱ्या खेपेचं शेवटचं बटण दाबत होता. मी त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा चौकट नाहीशी झाली होती. पडदा निळा झाला, थोडा वेळ काहीतरी सरकत राहिलं, आणि मग सगळं स्वच्छ झालं.

कुलूपवाला आला, बूट बाहेर काढून. संध्याकाळपर्यंत बसला, बिचाऱ्यानं चहासुद्धा घेतला नाही. शेवटी म्हणाला, "काका, तुम्हीच सांगितलं होतं, परत काढता येणार नाही असं पुसायचं." दादानं मान हलवली. त्यानं कुणावर आवाज चढवला नाही. त्यानं आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी डावऱ्याकडे गेले. एका गणवेशाच्या कारखान्यात लागला होता. सगळी मापं ठरलेली, लहान, मध्यम, मोठं. दुपारच्या सुट्टीत गेटबाहेर आला. मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, "डावऱ्या, खरं सांग. तुझ्याकडे दुसरी कॉपी असेल ना? घरी? कुणाला दिली असशील? तू चोर असलास तरी चालेल मला. मी कुणाला सांगणार नाही."

"आत्या," तो म्हणाला, "तेवढी एकच होती."

आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून मागत होते की माझ्याशी बोलणारा माणूस खोटारडा निघावा. तो निघाला नाही.

"पासवर्ड चुकलाच कसा?" त्यानं विचारलं. "एवढासा तर होता."

"अरे, हात! ठाऊक नाही का तुला? एका जागी दोन-दोन, तीन-तीनदा पडतं त्याचं बोट."

"मग प्रोग्रॅममध्ये मापं कशी भरायचे?"

"तो कीबोर्ड त्याचं ऐकतो, म्हणायचा."

डावऱ्या गेटच्या गजाला टेकला. मग हळू आवाजात म्हणाला, "कीबोर्ड नाही ऐकायचा, आत्या. बॉबिन ऐकायचा. लागलीच पुन्हा दाबलेलं मोजायचं नाही, असं त्यानं प्रोग्रॅममध्येच करून ठेवलं होतं. किती दिवस नुसता मास्तरांच्या बोटांकडे बघत बसला होता. मला म्हणाला, बाबांना कळू देऊ नकोस, त्यांना वाटू दे की कीबोर्ड चांगला आहे."

पासवर्ड मागणारं ते कोरं कुलूप बॉबिनचं नव्हतं. त्याला दादाचे हात माहीत नव्हते.

परत येताना मी सरळ समोरच्या दुकानात शिरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. समोरचा उभाच राहिला, चष्मा कपाळावर चढवून. "आत्याबाई? तुम्ही?"

"बसायला आले नाही," मी म्हटलं. "तुम्ही आमचा प्रोग्रॅम चोरलात. चांगलं केलंत. आता त्याची एक कॉपी मला द्या. हात जोडते."

"कसला प्रोग्रॅम?"

"वकीलसाहेबांची पाठ! ती कुठून आणली?"

तो आत गेला आणि एका कापडी पिशवीतून काहीतरी घेऊन आला. टेबलावर पसरलं. आमचा कोट होता, वकीलसाहेबांचा फार जुना. सगळा उसवलेला. पाठ, पुढचे भाग, बाह्या, कॉलर, एकेक तुकडा इस्त्री करून सपाट केलेला. छातीच्या तुकड्यावर माझी काजं होती. मला माझी काजं लांबूनही ओळखू येतात.

"त्यांनीच आणून दिला," समोरचा म्हणाला. "म्हणाले, मास्तरांचं आता मन लागत नाही, मला अगदी असाच शिवून द्या. मग काय, उसवला आणि बघून कापला. तुमच्या दादानं आणि मी दुसरं काय केलं जन्मभर? गुरूचे कोट चोरून उसवायचो आणि सकाळच्या आत पुन्हा शिवून ठेवायचो. दादांना विचारा, हसतील." मग त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाला, "बॉबिनचं मला फार वाईट वाटलं होतं. येणार होतो तेव्हा. पण पाय उचलला नाही."

तो तुकड्यांचा गठ्ठा त्यानं मला देऊ केला. मी घेतला नाही. एका माणसाची एक पाठ होती ती. त्यात पोक नव्हतं, आखूड हात नव्हता, आणि माझा भाचा नव्हता.

कुणीच चोर नव्हतं. हे मी दादाला सांगितलं. कॉम्प्युटरपुढे बसूनच त्यानं ऐकलं, आणि उसवलेल्या कोटाचं ऐकताना डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "हो, उसवायचो आम्ही. मी विसरलोच." डावऱ्याला बोलवू का, विचारलं, तर म्हणाला, "कुठल्या तोंडानं?" कीबोर्डचं मात्र मी त्याला सांगितलं नाही. वहिनीलाही नाही. ते मी मरेपर्यंत पोटात ठेवणार आहे.

आता दुकान चालतं म्हणजे बाह्या आखूड कर, कंबर सैल कर, अस्तर बदल. वाकड्या खांद्याची माणसं येतात आणि दादा त्यांना नम्रपणे समोरचं दुकान दाखवतो. नवा कोट कापला जात नाही. मला कधी काजं असतात, कधी नसतात. कॉम्प्युटर तिथेच आहे. पहिले काही दिवस दादा सवयीनं आधी येऊन हात धुवायचा, पुसायचा आणि त्याच्यापुढे बसायचा. पडद्यावर काही नसायचं. तरी बसायचा.

परवा तो आला आणि नळाकडे न जाता सरळ खुर्चीत बसला. मला ते बघवेना. खोलीत मशीन बंद होत्या. मी सुई खाली ठेवली आणि खिडकीपासूनच विचारलं, "दादा, हात धुतले का?"

त्यानं मान वर केली. मग दोन्ही हात उचलून माझ्यासमोर धरले, तळवे वर करून. थरथरत होते. खडूचा एक कणसुद्धा त्यांना लागलेला नव्हता, नखांतही नाही.

"बघ," तो म्हणाला. "स्वच्छच आहेत."